पिंगळाने नेलेली वहाण

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठच्या पोतली नगरात सुदंत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुत्र्याच्या जन्माला आला होता. मणिदत्त नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने त्याला पिल्लू असताना दूरच्या केकय देशातून आणवले होते. केकय देशाचे कुत्रे म्हणजे वासराएवढे उंच आणि रुंद छातीचे. याचा रंग पिकल्या गव्हाचा होता, म्हणून नाव पिंगळ ठेवले. बोधिसत्त्व असला तरी त्या जन्मी तो कुत्राच होता, हे वाचणाऱ्याने विसरू नये. त्याला हाडूक आवडे, मांजर आवडत नसे, आणि मालकाची पावले वाजली की त्याची शेपटी त्याला न विचारताच हलू लागे.

पोतलीच्या उत्तर घाटावरून नावा सुटत. माल भरून त्या पार समुद्रापर्यंत जात. परत यायला वर्ष लागे, कधी दोन लागत, आणि कधी एखादी नाव परतच येत नसे. त्या घाटाची एक रीत होती. नावेवर जाणारा माणूस आपल्या वहाणा पायरीवर काढून ठेवी आणि अनवाणी नावेत चढे. घरचे कोणीतरी रोज सकाळी येऊन त्या वहाणांवरची धूळ पुसे आणि त्यांची तोंडे नगराकडे आहेत ना, ते पाही. वहाण नदीकडे वळली तर गेलेल्याचे पाय घरची वाट विसरतात, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. माणूस परतला की नावेतून उतरून आधी त्याच वहाणा पायात घाली आणि मगच घरी जाई. तो मेल्याची खबर आली, तर घरचे रडत रडत त्या वहाणा गोदेत सोडत आणि त्याचे दिवस करीत. तोवर पायरीवरच्या वहाणेला कोणी हात लावत नसे. पोतलीत चोर काही कमी नव्हते, पण चोरसुद्धा ती पायरी वळसा घालून उतरत.

या पायरीवर रोज येणाऱ्यांत रेवा नावाची एक म्हातारी होती. तिचा एकुलता एक मुलगा पूर्णक नावेवर वल्ही मारायला गेला होता. त्याच्याबरोबरच्या इतर नावा केव्हाच परतल्या. त्याची नाव आली नाही, आणि बुडाल्याची खबरही आली नाही. रेवा रोज काठी टेकत उतरे, पदराने वहाणा पुसे आणि त्यांच्याशी बोलत बसे. "घरावर नवे गवत घातले आहे. पण दार तेवढेच ठेंगणे आहे हो पूर्णका, आलास की डोके वाकवून ये," असे ती सांगे. येणारेजाणारे हसत नसत. त्या पायरीवर सगळेच थोडेफार असे बोलत. तिच्या वयाची माणसे म्हणत, की रेवा जिवंत आहे ती या वहाणांवर. यात काहीही वाढवून सांगितलेले नव्हते.

आता कुत्र्यांकडे वळू. म्हणजे खरे तर त्यांच्या मालकांकडे.

मणिदत्ताने पिंगळाला आणले, तेव्हा नगरातल्या बाकीच्या श्रीमंतांनाही तसा कुत्रा असल्याशिवाय जेवण जाईना. बघता बघता पोतलीत केकय देशाच्या कुत्र्यांचा सुकाळ झाला. ही मंडळी उजाडताच आपापला कुत्रा घेऊन उत्तर घाटावर येत आणि पायऱ्या संपायच्या आधीच त्याला मोकळा सोडत. मग कुत्रे घागर घेऊन चढणाऱ्या बायकांच्या पायांत येत, संध्येला बसलेल्या ब्राह्मणाचे पळीपात्र हुंगत, ओल्या अंगाने कोरड्या धोतरांना घासून जात. पायऱ्यांवर घाण करीत. कोणी मालकाकडे पाहिले तर मालक आकाशाकडे पाही, आणि फारच पाहिले तर म्हणे, "गोदामाई वाहून नेईल." घाण दहाव्या पायरीवर आणि गोदामाई सगळ्यात खाली, एवढा विचार कोणी करीत नसे.

कोणी घाबरून ओरडले की मालकांचे उत्तर तयार असे. "काही करत नाही तो!" कुत्र्याने कोणाच्या छातीवर पाय ठेवले असले तरी हेच, आणि कोणाची भाकरी पळवली असली तरी हेच. "तुम्ही पळता म्हणून तो मागे लागतो," असे ते पळणाऱ्याला समजावीत. "तुम्ही घाबरता ते त्याला कळते ना," असे घाबरणाऱ्याला सांगत. जणू कुत्रा घाटावर फिरायला आलेला नसून माणसांना शहाणपण शिकवायला आलेला होता. हळूहळू लहान मुले घाटावर यायची बंद झाली. गर्भार बायका दक्षिणेच्या चिखलातल्या वाटेने पाणी आणू लागल्या. रेवा मात्र येत राहिली. ती काठीने पायरी चाचपत उतरे आणि कुत्रा अंगावर आला की डोळे मिटून उभी राही.

पिंगळ या सगळ्यांत वाईट नव्हता. उलट तो फार सौम्य होता. पण त्याचा दिवस कसा जाई, तेही सांगितले पाहिजे. दिवसभर तो वाड्याच्या मागच्या अंगणात एका खांबाला बांधलेला असे. मणिदत्त पेढीवर, नोकरांना पिंगळाची भीती. ते काठीच्या टोकाने जेवणाचे पातेले पुढे सरकवीत. त्या अंगणातून नदी दिसत नसे, फक्त तिचा वास येई. त्या वासाकडे तोंड करून तो दुपार काढी. पहाटे मालक येई, दोर सुटे आणि घाटाखालच्या वाळूवर तो असा धावे की त्याची सावली मागे राही. त्याचे सगळे जगणे त्या तेवढ्या वेळात होते. आणि त्यातही त्याला वाळूपेक्षा मालकाची ओढ जास्त होती. थोडे धावून झाले की तो परत येऊन मणिदत्ताकडे पाही. मणिदत्त तेव्हा दुसऱ्या एखाद्या कुत्र्याच्या मालकाशी बोलत असे. विषय अर्थातच कुत्रे. कुत्र्याच्या वंशाबद्दल ते इतके रंगून बोलत, की समोर उभा असलेला कुत्रा त्यांना दिसत नसे.

एके दिवशी पिंगळाला पायरीवर पूर्णकाची वहाण दिसली. जुने, मऊ पडलेले चामडे. कुत्र्याला याहून मोठे आमंत्रण नाही. त्याने ती अलगद उचलली आणि मालकाकडे नेली. मालकाने ती फेकावी आणि आपण आणावी, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने मणिदत्ताच्या गुडघ्याला नाक लावले. मणिदत्त बोलण्यात होता. त्याने खाली न पाहता हाताने त्याला दूर सारले आणि म्हटले, "जा, खेळ."

पिंगळ एकटाच खेळला. वहाण पाण्यात टाकायची आणि पोहत जाऊन आणायची, असा त्याचा खेळ होता. दोनदा त्याने ती आणली. तिसऱ्यांदा ती धारेला लागली. तो थोडा तिच्यामागे गेला, मग किनाऱ्यावर येऊन त्याने अंग झाडले आणि तो ते विसरून गेला.

रेवा तेव्हा वरच्या पायऱ्या उतरत होती. तिने वरूनच पाहिले आणि ती ओरडली. पण तिचा आवाज तो केवढा! ती खाली पोचली तेव्हा पायरीवर एकच वहाण उरली होती.

घाटाचा कारभार सोमक नावाच्या वृद्ध नावाड्याकडे होता. तो पूर्णकाच्या बापाचा मित्र, मनाचा चांगला, पण रीतीला पक्का. त्याने एकटी वहाण पाहिली आणि तो रेवाशेजारी पायरीवर बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "वहाण पाण्यात गेली म्हणजे गोदेने उत्तर दिले. एकटी वहाण पायरीवर ठेवत नाहीत. अमावास्येला ही पण सोडा. मग त्याचे दिवस करू."

"गोदेने नेली नाही हो भावजी," रेवा म्हणाली, "त्या पिवळ्या कुत्र्याने नेली. मी पाहिले."

"तुमची नजर आता आधीसारखी राहिली आहे का? आणि इथे पिवळे कुत्रे काय थोडे आहेत! दुसऱ्या कोणी पाहिले असेल तर सांगा. घाटापुढे कोणीतरी म्हणाले पाहिजे, की ही नदीची करणी नव्हे, कुत्र्याची आहे. मग मी स्वतः दुसरी वहाण शिवून घेतो आणि जोडी लावतो."

रेवा मणिदत्ताच्या वाड्यावर गेली. त्याने तिला मानाने बसवले, पाणी दिले. तो दुष्ट नव्हता. आपला कुत्रा चुकला असे ऐकले, की चांगल्या माणसांच्याही कानांना दडे बसतात, एवढेच.

"आजी, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय," तो म्हणाला. "माझा पिंगळ दुसऱ्याच्या वस्तूला तोंड लावत नाही. पुढ्यात तुपाची वाटी ठेवली तरी सांगितल्याशिवाय हुंगत नाही तो. त्या उग्रसेनाचा कुत्रा असेल. आणि एका जुन्या वहाणेचे काय एवढे? मी नवी जोडी करून देतो, चांगली मृगाजिनाची."

"नवी नको मला. तुम्ही फक्त सोमकभावजींना सांगा, की कुत्र्याने नेली. एवढे एक वाक्य बोला. नाहीतर ते माझ्या मुलाला मेला म्हणतील हो."

"जे मी पाहिले नाही ते कसे सांगू? मी कधी खोटे बोलत नाही, आजी."

आणि हे त्याचे म्हणणे खरेच होते. त्याने पाहिले नव्हते. रेवा उठली, काठी घेतली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पायरीवर आली. एकच वहाण होती, ती तिने पुसली. पिंगळ वाळूकडे धावत निघाला होता. तिने त्याला हाक मारली. घाटावर त्याला पाहून लोक काठी उगारत किंवा किंचाळत. आपल्याला हाक मारणारी ही पहिलीच, म्हणून तो आला. रेवाने ती वहाण त्याच्या नाकापुढे धरली आणि लहान मुलाला विचारावे तसे विचारले, "बाळा, हिची जोडीदार कुठे टाकलीस रे?"

पिंगळाने वहाण हुंगली. तिच्यात एका तरण्या माणसाच्या पायांचा वास होता. मग त्याने त्या म्हातारीच्या तोंडाकडे पाहिले. दिवसभर खांबाला बांधलेला असताना नदीकडे तोंड करून आपण जसे बसतो, तशीच ही इथे बसलेली आहे, हे त्याला कळले. त्याची शेपटी हलायची थांबली. बोधिसत्त्वाने मनात म्हटले, "मी खेळलो आणि हिची वाट पाहण्याची जागा गेली. ओढ म्हणजे काय हे मला ठाऊक असून मी हे केले." त्याने एकवार वाळूकडे पाहिले. मग तो वळला आणि धारेच्या दिशेने, नदीकाठाने चालू लागला.

काठ सोपा नव्हता. गावागावांची कुत्री अंगावर येत. त्यांना कोणी "काही करत नाही" म्हणणारे नव्हते, आणि ती बरेच काही करीत. त्याचा एक कान फाटला. पाण्याने वास धुऊन नेला होता, म्हणून तो प्रत्येक लव्हाळ्यात शिरे, प्रत्येक उघड्या मुळीशी नाक लावी, आणि नदीला फाटा फुटला की आधी एक, मग परत फिरून दुसरा शोधून काढी. शेवटी एका वळणावर, पाण्यात वाकलेल्या उंबराच्या मुळ्यांत त्याला ती वहाण सापडली. भिजून फुगलेली, पण धड.

तिथे, त्या उंबराखाली, बोधिसत्त्वाची परीक्षा झाली. आधी भुकेने. ज्याच्या पोटात काही नाही अशा कुत्र्याच्या तोंडात चामडे आहे, आणि त्याने ते चावायचे नाही! ज्यांनी कुत्रा पाळला आहे त्यांनाच ही तपश्चर्या किती मोठी ते कळेल. पण भूक ही लहान परीक्षा होती. मोठी परीक्षा समोर पसरली होती. त्या वळणापलीकडे वाळूच वाळू होती, दृष्टी पोचेल तिथवर, आणि तिच्यावर ना माणूस, ना खांब, ना दोर. इथे राहिले तर रोज पहाट आणि दिवसभर पहाट. परत गेले, तर हा वहाण नेणारा कुत्रा म्हणून लोक बांधतील, कदाचित मारतीलही. तो बराच वेळ उभा राहिला. त्याच्या पायांना त्या वाळूची इतकी ओढ लागली की ते थरथरू लागले. मग त्याने वहाण नीट दातांत धरली, चावली जाणार नाही एवढी सैल आणि पडणार नाही एवढी घट्ट, आणि तो पोतलीकडे वळला.

इकडे मणिदत्ताची दशा पाहण्यासारखी झाली होती. पिंगळ परतला नाही, तेव्हा त्याने आधी नोकरांना धाडले, मग स्वतः गल्ल्या धुंडाळल्या. पेढीवर त्याचे लक्ष लागेना. मागच्या अंगणात तो गेला आणि खांबाशी पडलेला दोर पाहून तिथेच बसला. कुत्रा दिवसभर कुठे पाहत बसत असेल, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. समोर भिंत होती.

मग तो रोज उजाडताच घाटावर येऊन बसू लागला. "पिंगळ! पिंगळ!" अशी हाक तो नदीच्या दोन्ही दिशांना मारी. घाटावरच्या बायका एकमेकींकडे पाहत. काहींना बरे वाटले, हेही खोटे नव्हे. एका सकाळी त्याने पिंगळाचा जुना चामडी पट्टा आणला. थोडे इकडे पाहिले, थोडे तिकडे पाहिले आणि कोणी पाहत नाही असे वाटून तो पायरीवर ठेवला.

रेवा शेजारीच बसली होती. तिने पाहिले होते.

"कडी नगराकडे करा, श्रेष्ठी," ती म्हणाली.

"काय?"

"तोंड नगराकडे हवे. नाहीतर वाट चुकतो."

मणिदत्ताने पट्टा फिरवून ठेवला. मग तो तिच्या शेजारी बसून राहिला. दोघे एकाच पाण्याकडे पाहत होती. ती घरी निघाली तेव्हा त्याने हात देऊन तिला वर चढवले.

अमावास्या आली. सोमक आणि घाटावरची माणसे पाण्यापाशी जमली. रेवा गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिच्या हातात एकटी वहाण होती. ती सोडायला हात तयार होईना.

"सोडा वहिनी," सोमक म्हणाला. त्याचे स्वतःचे डोळे भरले होते. "किती दिवस धरून ठेवणार?"

"धरवते आहे तोवर," रेवा म्हणाली. पण ती वाकली.

इतक्यात वाळूवरून एक कुत्रा लंगडत येताना दिसला. अंगाची हाडे निघालेली, कान फाटलेला, तोंडात काहीतरी धरलेले. मणिदत्ताने त्याला सगळ्यांच्या आधी ओळखले. तो रेशमी उपरण्यासकट वाळूत धावला आणि गुडघे टेकून त्याच्या गळ्यात पडला. पिंगळाची शेपटी हलली, पण तो थांबला नाही. तो त्याच्या मिठीतून निसटला, रेवापाशी आला आणि त्याने वहाण पायरीवर ठेवली.

रेवा पाण्यातून बाहेर आली. तिने ती ओली वहाण पोटाशी धरली आणि मोठ्याने रडू लागली.

आणि मणिदत्त? इतक्या दिवसांच्या दुःखाने शहाणा झालेला मणिदत्त उठून उभा राहिला, त्याने आनंदाने सगळ्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "पाहिलेत? नदीने नेलेली वहाण शोधून आणली! मी म्हणत नव्हतो, माझा पिंगळ कसा आहे? अहो, असा कुत्रा साऱ्या अश्मक देशात सापडायचा नाही!"

लोकही "वा! वा!" करू लागले. कोणी हार आणायला धावले. सोमकही गहिवरून म्हणाला, "गोदेने नेली आणि गोदेनेच परत पाठवली!" आता जर बोधिसत्त्व गप्प राहिला असता, तर त्याच्या गळ्यात फुले पडली असती, तो जन्मभर वाळूवर मोकळा हिंडला असता आणि रेवाची जोडीही पुरी झाली असती. कोणाचे काही बिघडले नसते. त्या घाटावर उद्या उतरणाऱ्या माणसांचे तेवढे बिघडले असते.

तेव्हा बोधिसत्त्व मनुष्यवाणीने बोलला.

"श्रेष्ठी, मला हार घालू नका. ही वहाण नदीने नेली नाही. मी नेली होती. ती तोंडात धरून मी तुमच्यापाशी आलो आणि तुमच्या गुडघ्याला नाक लावले. तुम्ही न पाहता म्हणालात, 'जा, खेळ.' मग मी खेळलो."

हार घेऊन आलेले जागच्या जागी थांबले. मणिदत्ताचे तोंड उतरले. त्याला तो स्पर्श आठवला, आणि आपला हातही आठवला.

"मी वाईट नाही, हे तुम्ही सगळ्यांना सांगता, ते खरे आहे," बोधिसत्त्व पुढे म्हणाला. "पण चांगला कुत्राही वहाण नेतो. कारण त्याला ठाऊक नसते, की ती वहाण नव्हे, कोणाचा तरी मुलगा आहे. हे ज्याला ठाऊक असायला हवे, तो दोराच्या दुसऱ्या टोकाला असतो. मला बांधा."

मणिदत्त रेवापुढे आला आणि त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले. "आजी, मी पाहिले नाही असे म्हणालो ते खरे होते," तो म्हणाला. "पण मी पाहायला हवे होते."

गर्दीतून कोणी ओरडले, "या सगळ्या कुत्र्यांना घाटबंदीच करा!" कोणी त्याहून वाईट बोलले. रेवाने डोळे पुसले आणि मागे वळून पाहिले.

"बांधा म्हणतो आहे तर बांधा, पण हाकलू नका," ती म्हणाली. "तहान काय तुम्हालाच लागते?"

सोमकाने त्याच दिवशी घाटाची नवी रीत लावून दिली. कुत्रा घाटावर यावा, पण दोरासकट यावा, आणि दोराचे दुसरे टोक जागे असावे. कुत्र्याने पायरी घाण केली, तर ती मालकाने स्वतः धुवावी. नोकराला पुढे करू नये. श्रीमंतांनी पुष्कळ कुरकुर केली. पण स्वतः मणिदत्त श्रेष्ठी घागरीने पायरी धुताना दिसल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही. मुले परत घाटावर आली. बायकांनी चिखलाची वाट सोडली.

मणिदत्ताने पिंगळाला मागच्या अंगणातून काढून पुढच्या ओसरीवर आणले. "तुला पैलतीरावर नेऊन मोकळा सोडत जाईन," असेही तो म्हणाला, आणि काही वेळा त्याने नेलेही. पण पेढीची कामे माणसाला गाठतातच, आणि पुढे ते राहून गेले. पिंगळाने त्याची आठवण करून दिली नाही. रोज सकाळी तो दोरासकट घाटावर येई आणि त्याचा दोर रेवाच्या हाती देऊन मणिदत्त स्नानाला उतरे. मग ती दोघे पायरीवर बसत. ती नदीकडे पाही, तो वाळूकडे. वाळूवरून वारा आला की त्याच्या पायांची नखे दगडावर आपोआप हलत. रेवाला ते दिसे. ती काही न बोलता त्याच्या फाटक्या कानामागे खाजवी.

पूर्णकाच्या वहाणांची जोडी पुन्हा लागली होती. एक जरा फुगलेली, एक जरा सुकलेली, पण दोन्हींची तोंडे नगराकडे. पुसून झाल्या की रेवा त्या पिंगळापुढे धरी.

"माझे नाक आता गेले रे," ती म्हणे. "तू सांग. आहे का अजून त्याचा वास?"

पिंगळ हुंगे आणि म्हणे, "आहे, आई." मग तिचा दिवस सुरू होई.

असे कितीतरी ऋतू गेले. वास दिवसेंदिवस क्षीण होत होता. पिंगळाला आता दीर्घ श्वास घेऊन तो शोधावा लागे, आणि तो सापडला की त्याला स्वतःलाच हायसे वाटे. एका सकाळी त्याने हुंगले, पुन्हा हुंगले, टाचेशी नाक लावले, अंगठ्यापाशी लावले. तिथे पूर्णक नव्हता.

रेवा वाट पाहत होती. खोटे बोलणे बोधिसत्त्वाला शक्य नव्हते, आणि त्या तोंडाकडे पाहून खरे बोलणेही जमेना. त्याने आणखी एकदा श्वास घेतला. मग तो म्हणाला, "आई, आता हिला तुमच्या हातांचा वास येतो."

रेवाने वहाण उलटसुलट करून पाहिली. तिला सगळे कळले. नदीवरून एक नाव गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत रेवा तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने वहाणा पायरीवर नीट मांडल्या.

"बरे झाले," ती म्हणाली. "म्हणजे तो आला, की माझ्या हातांवरच पाय ठेवील."

त्यानंतरही ती जिवंत होती तोवर रोज आली, आणि पिंगळही दोरासकट तिच्या शेजारी बसला. पुढे दोघेही आपापल्या कर्मानुसार गेली.

ही पूर्वजन्मीची गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, श्रावस्तीत जेतवनात सांगितली. एका उपासकाने आपला कुत्रा मोकळा घेऊन धर्मश्रवणाला यावे, तो कुत्रा एका वृद्ध उपासिकेच्या अंगावर जावा आणि उपासकाने हसून "काही करत नाही तो" म्हणावे, असे त्या दिवशी घडले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा मणिदत्त म्हणजे आजचा हा उपासक. सोमक म्हणजे विहाराचे दार राखणारा वृद्ध भिक्षू. रेवा म्हणजे आज घाबरून खांबाला टेकलेली ती उपासिका. आणि पिंगळ तो मीच होतो."

उपासकाने मान खाली घातली आणि आपल्या कुत्र्याच्या गळ्यात उपरणे बांधले. तेव्हा मागून एका भिक्षूने विचारले, "भन्ते, आणि पूर्णक? तो परतला का?"

"त्या जन्मी तो परतला नाही," शास्ते म्हणाले. "तो तिच्याकडे यायला निघाला होता, वाट लांबली. आज तो तिचा मुलगा होऊन तिच्या शेजारी बसला आहे. कुत्र्याने नेऊ नयेत म्हणून त्याने तिच्या वहाणा मघापासून मांडीवर धरल्या आहेत."

सगळी सभा वळून पाहू लागली, तेव्हा त्या मुलाने संकोचून वहाणा आणखीच घट्ट धरल्या.

सत्य सांगावे, आणि त्याचा दोर दुसऱ्याच्या नव्हे, आपल्या गळ्यात घ्यावा. बोधिसत्त्वाने त्या जन्मी पुरी केली ती ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.